ओहोटी नसलेल्या समुद्राकाठी

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका इंडियन शाळेत मी सोळा वर्षं भूगोल शिकवते आहे. दर वर्षी आठवीच्या वर्गात कॅस्पियन समुद्र येतो आणि दर वर्षी कुणीतरी हात वर करतं, "मिस, इज इट अ सी ऑर अ लेक?" माझं उत्तर ठरलेलं असतं. चारी बाजूंनी जमीन आहे, म्हणून ते जगातलं सगळ्यांत मोठं सरोवर. पाणी खारं आहे, वादळं होतात, जहाजं चालतात, म्हणून नावाने समुद्र. पाच देश त्याच्या काठाला बसलेत. व्होल्गा, उरल, कुरा अशा नद्या त्यात येऊन मिळतात, पण बाहेर पडणारी नदी एकही नाही. आलेलं पाणी उन्हाने वर जाईल तेवढंच जातं. एवढं सांगून मी पुढच्या पानाकडे वळायची. स्वतः तो समुद्र बघावा असं कधी मनातही आलं नव्हतं.

तो योग आणला अब्बांनी.

माझे अब्बा, दाऊद, दाभोळच्या खाडीकाठचे. जबल अलीच्या बंदरात सत्तावीस वर्षं टगवर होते. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ढकलत-ओढत धक्क्याला लावणारी लहानशी, पण दांडग्या ताकदीची बोट. तिच्यावर अब्बा सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. आता वय त्र्याहत्तर. गावीच असतात, पण या वर्षी बकरी ईदसाठी मी त्यांना दुबईला बोलावून घेतलं होतं.

ईदच्या तीन आठवडे आधी आम्ही एका मॉलमध्ये वाणसामान घ्यायला गेलो. मासळीच्या काउंटरशेजारी काचेच्या थंड कपाटात छोटे छोटे डबे मांडलेले होते. अब्बांनी चष्मा सरळ करून किंमत वाचली.

"तीनशे दिरहॅम. म्हणजे सात हजार रुपये! काय हाय गो यात?"

"कॅव्हिअर, अब्बा. माशाची अंडी."

"गाबोळी?" अब्बा एवढ्या मोठ्याने म्हणाले की काउंटरवरची फिलिपिनो मुलगी हसली. "सात हजाराची गाबोळी? आपल्याकडे मासा घेतला की पोटात फुकट येते."

मी त्यांना सांगितलं की ही स्टर्जन नावाच्या माशाची आहे, तो मासा मूळचा कॅस्पियन समुद्रातला, आणि माणसांनी तो इतका मारला की आता समुद्रात त्याला धरायला बंदी आहे. डब्यातली अंडी तळ्यांत वाढवलेल्या माशांची. अब्बा ऐकत होते की नाही कोण जाणे. डबा हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "कॅस्पियन. म्हणजे एल्दारचा समुद्र."

घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला नाही. गॅलरीत बसून राहिले. रात्री जेवताना म्हणाले, "सलमा, मला तिकडे जायचंय. एक माणूस हाय. जिवंत असला तर भेटायचाय."

एल्दार हा अझरबैजानचा. अब्बांच्या टगवर इंजिनिअर होता, मी शाळेत असताना. अब्बांकडे त्याचा फोन नव्हता, पत्ता नव्हता. एवढंच ठाऊक होतं की नेफ्तचाला नावाच्या गावाच्या पुढे, कुरा नदी समुद्राला मिळते तिथे त्याचं घर आहे आणि त्याचा बाप माशांची पिल्लं वाढवण्याच्या सरकारी केंद्रात होता. मी म्हटलं, तीस वर्षांनी एवढ्यावरून माणूस कसा सापडायचा? पण माझे मिस्टर इम्तियाज म्हणाले, "अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. मला ड्यूटी आहे, तुम्ही दोघं जा."

अब्बांचा ई-व्हिसा आला त्या संध्याकाळी आम्ही मीना बाजारात गेलो. अब्बांनी एल्दारच्या बायकोसाठी निळं कापड घेतलं. ती आहे की नाही, हेही माहीत नव्हतं. मग अब्राने, म्हणजे खाडीतल्या छोट्या प्रवासी होडीने, खाडी ओलांडून देऱ्याला खजूर घ्यायला गेलो. एरवी अब्रात बसले की अब्बा नावाड्याच्या चुका काढतात. त्या दिवशी नुसते पाण्याकडे बघत होते.

बाकू

ईदचा नमाज दुबईत पढून दुसऱ्या दिवशी निघालो आणि तीन तासांत अझरबैजानच्या राजधानीला, बाकूला पोचलो. दुबईच्या भट्टीतून गेलेल्या माणसाला तिथला वारा आधी थप्पडच मारतो. उत्तरेकडून येणाऱ्या या वाऱ्याला ते 'खजरी' म्हणतात आणि समुद्राला 'खजर'. आमच्या नकाशातलं कॅस्पियन हे नाव तिथे कुणाच्या तोंडी नव्हतं.

किनाऱ्याने लांबच लांब फिरण्याचा रस्ता आहे. बाया, बाळगाड्या, चहाची टेबलं, आणि सगळ्यावर तेलाचा किंचित वास. हा समुद्र तेलावरच बसलाय. अब्बांनी कठड्याला हात टेकले आणि पहिलाच प्रश्न केला, "भरती कधीची?"

"अब्बा, इथे भरती-ओहोटी नसते. असली तरी बोटभर. कळतसुद्धा नाही."

"मग समुद्र कसला?" असं म्हणून त्यांनी खाली वाकून भिंत वाचायला सुरुवात केली. वाचायला हाच शब्द बरोबर आहे. आयुष्यभर धक्क्यांच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा बघून त्यांनी वेळ ओळखली होती. इथे भिंतीवर पाण्याच्या पुष्कळ वर एक काळपट पट्टा होता. उतरायच्या दगडी पायऱ्या पाण्यापर्यंत पोचतच नव्हत्या, शेवटची पायरी हवेत संपत होती. "पाणी खाली गेलंय," अब्बा म्हणाले. "पण ही ओहोटी नाय. ओहोटीचं पाणी परत येतं. त्याचा ओलावा भिंतीवर राहतो. इथे दगड सुकून खडखडीत झालाय."

सोळा वर्षं जे मी पुस्तकातून सांगत होते, ते त्यांना एका भिंतीने सांगितलं. कॅस्पियनची पातळी जगातल्या बाकी समुद्रांपेक्षा आधीच नऊ मजले खाली आहे आणि आता ती दर वर्षी आणखी उतरते आहे. नद्यांचं पाणी धरणांत अडतं, ऊन वाढतंय, जमाखर्च जुळत नाही.

एवढ्यात खजरीने अब्बांची टोपी उडवली. पांढरी जाळीची टोपी कठड्यावरून थेट पाण्यात. अब्बा हळहळले, कारण ती ईदची नवी होती. शेजारी एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, गळ वर ओढला, दोनदा नेम चुकला, तिसऱ्यांदा टोपी आकड्यात धरून वर काढली आणि माशासारखी अब्बांपुढे धरली. "बालिक!" तो म्हणाला. बालिक म्हणजे मासा, हे आम्हाला नंतर कळलं. पण आजूबाजूचे सगळे हसले आणि अब्बाही हसले. टोपी पिळताना त्यांनी ओला हात जिभेला लावला.

"खारं हाय, पण कमी. पावसाळ्यात आपल्या खाडीचं असतं तेवढं."

तेही बरोबर होतं. कॅस्पियनच्या पाण्यात मोठ्या समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच मीठ असतं.

संध्याकाळी चहाच्या टेबलावर मी शब्द गोळा करत बसले. तिथे चहाला चाय, दुकानाला दुकान, बाजाराला बाजार, हवेला हवा. फळांना मेयवे म्हणतात, म्हणजे आपला मेवा. चहा नाशपातीच्या आकाराच्या ग्लासात येतो, दूध विचारलं तर वेटर आजारी माणसाकडे बघावं तसा बघतो, आणि साखर चहात घालत नाहीत, खडा चहात बुडवून दातांत धरतात. अब्बांना ही रीत एकदम पसंत पडली. "दोस्तला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. वेटर म्हणाला, "दोस्त." अब्बांनी मान हलवली आणि उरलेला चहा थंड होऊ दिला.

नेफ्तचाला

दुसऱ्या दिवशी फरीद नावाच्या टॅक्सीवाल्याला दिवसभरासाठी ठरवलं. तो तरुण होता, इंग्रजी बरं बोलायचा, आणि दुबईला मामा आहे म्हणून आमच्याशी नात्यात असल्यासारखा वागायचा. बाकू मागे पडलं तशी हिरवळ संपली. राखाडी टेकड्या, मग सपाट माळ, खुरट्या झुडपांचा. एका ठिकाणी रस्त्यापासून लांब हरणांचा कळप उभा होता. फरीद म्हणाला, "जेयरान." अगदी अबुधाबीच्या वाळूतल्या हरणासारखं, तसंच बारीक आणि तसंच बिथरलेलं. मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं.

नेफ्तचाला सोडल्यावर आधी समुद्र बघू आणि मग विचारपूस करू, असं ठरलं. फोनचा नकाशा दाखवत होता की काठ आता अर्ध्या किलोमीटरवर आहे. आम्ही गेलो. अर्धा किलोमीटर झाला, एक झाला, पाणी नाही. समोर भुऱ्या चिखलाचं मैदान, त्यावर शिंपल्यांचा चुरा आणि मिठाची पांढरी साय. एक जुनी लाकडी होडी कोरड्या जमिनीवर कुशीवर पडली होती. मी फोन पाहिला. निळ्या रंगाच्या मधोमध आमचा ठिपका. नकाशाप्रमाणे आम्ही समुद्रात होतो.

"यल्ला, चला, अजून थोडं पुढे," मी म्हटलं. चूक माझीच. मिठाची साय फुटली आणि गाडीचं मागचं चाक मऊ चिखलात अर्ध्यापर्यंत रुतलं. फरीदने आपल्या भाषेत समुद्राला, सरकारला आणि बहुधा मलाही शिव्या दिल्या. अब्बा मात्र खाली उतरून होडीपाशी गेले. तिच्या फळ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "होडी चांगली होती गो. हिचा काय दोष?"

तासाभराने एक माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. लांबून आमची गाडी दिसली होती म्हणे. दोर बांधून त्याने गाडी ओढून काढली आणि आम्ही कुठले ते विचारलं. फरीदने सांगितलं, दुबईहून आलेत. तो माणूस एकदम उजळला.

"दुबई? मग एल्दारकडे आलात? दुबाई-एल्दार?"

तीस वर्षांपूर्वी जेमतेम तीन वर्षं आखातात काढलेल्या माणसाचं गावाने हेच नाव कायम केलं होतं. ट्रॅक्टर पुढे, आम्ही मागे. अब्बांनी ओली टोपी वाळवून पुन्हा घातली होती, ती दोनदा काढून सारखी केली.

एल्दारचं घर बैठं, पत्र्याचं, अंगणात मोठं तुतीचं झाड. खाली जमीन पिकलेल्या तुतींनी जांभळी झालेली. पासष्टीचा, रुंद खांद्यांचा माणूस पाण्याचा पंप दुरुस्त करत बसला होता. त्याने वर पाहिलं. ट्रॅक्टरवाला काही बोलणार तोच तो उठला.

"दाऊद भाई," तो म्हणाला. आणि मग दुबईच्या हिंदीत, "तुम बुड्ढा हो गया."

"तुम भी," अब्बा म्हणाले.

मिठी मारली ती एल्दारनेच. अब्बांचे हात मात्र लोंबकळतच राहिले, हे मी पाहिलं.

त्याची बायको सेविंज बाहेर आली. निळं कापड तिने गालाला लावून पाहिलं. ईदचा तिसरा दिवस, कुर्बानीचं मटण घरात होतंच. तिने केशराचा भात वाढला, सुक्या जर्दाळूंसकट. आपल्या बिर्याणीत भात आणि मटण एकत्र शिजतं, त्यांच्याकडे दोन्ही वेगवेगळं शिजवून ताटातच भेटतं. मी तसं म्हटलं तर एल्दारने बायकोला सांगितलं आणि ती हसली. ते शेवटचं हसू, नंतर बराच वेळ कुणी हसलं नाही.

जेवणानंतर एल्दारने घराच्या भिंतीवर गुडघ्याइतक्या उंचीवर एक डाग दाखवला. "ये खजर का पानी."

तेव्हा मला कळलं की त्याच्या तरुणपणी समुद्र उलटा चालला होता. वर्षानुवर्षं पातळी वाढत वाढत पाणी गावात शिरलं, या घरातही. म्हणून तो आखातात गेला होता, पैसे जमवून आत उंचावर घर बांधायला. "समुंदर आया, मैं दुबई गया," तो म्हणाला. "मेरे को वापस भेजा. दो साल घर में पानी, पलंग के नीचे ईंट. फिर समुंदर भी वापस गया." त्याने समुद्राच्या दिशेने हात केला. तिकडे आता नुसतं मैदान होतं.

"वापस भेजा" हे शब्द ऐकून अब्बांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

"एल्दार, वो दोर," ते म्हणाले. "दोर खराब था. मेरे को मालूम था."

मला काहीच कळेना. अब्बा माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलू लागले, भरभर, जणू थांबले तर पुन्हा जमणार नाही. टगवर एकदा जहाज ओढताना दोर तुटला. तुटलेल्या दोराचा फटका गुहागरच्या एका खलाशाच्या पायावर बसला, पाय मोडला. दोर ज्या विंचवर असतो, त्या यंत्राचा ब्रेक नीट नव्हता, इंजिनिअरने बघितला नाही, असं चौकशीत ठरलं. एल्दारला काढून टाकून मायदेशी पाठवलं. पण दोर आधीच घासलेला होता. अब्बांनी तो सकाळी पाहिला होता. बदलायचं काम त्यांचंच. एवढं एक जहाज लावू आणि मग बदलू, म्हणून त्यांनी ठेवला. चौकशीत कुणी दोराचं विचारलं नाही आणि अब्बांनी सांगितलं नाही.

"तेव्हा तू सातवीत होतीस," अब्बा मला म्हणाले. मी सातवीत, धाकट्या दोघी त्याच्याही खाली. माझं बी.एड., माझी नोकरी, हे सगळं त्या टगवरच्या पगारावर उभं होतं.

एल्दार जमिनीवरच्या तुतींकडे बघत होता. मग हिंदीत म्हणाला, "मैंने भी दोर देखा था, बाद में. मेरे को मालूम था, दाऊद भाई. तीन दिन कंपनी के कमरे में बैठा. दरवाजा खुलता, मैं सोचता, दाऊद आया. अभी बोलेगा."

अब्बांनी मान खाली घातली.

सेविंज एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिने नवऱ्याला विचारलं आणि त्याने तिला सांगितलं. ती उठली. अब्बांच्या पुढचा अर्धा भरलेला चहाचा ग्लास तिने उचलला आणि आत घेऊन गेली. मला वाटलं आता आपण उठावं. मी पर्स उचलली, तेव्हा एल्दार म्हणाला, "बैठो."

मग तो सावकाश बोलला. त्याला परत जहाजावर काम मिळालं नाही. बापाच्या ओळखीने मत्स्यकेंद्रात पंप चालवायला लागला, तिथेच अजून आहे. त्याचं दुःख नव्हतं. पण त्याचा मुलगा ओर्खान शिकून इंजिनिअर झाला, बाकूहून तुर्कमेनिस्तानला समुद्र ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर. पहिल्या दिवशी कामाला निघताना तो बापाला चेष्टेत म्हणाला होता, "पापा, मी ब्रेक दोनदा तपासेन, तुमच्यासारखं नाही करणार."

"मैं भी हँसा," एल्दार म्हणाला. "क्या बोलेगा?" आणि खिशातून फोन काढला. "मेरे को मत बोलो, दाऊद भाई. ओर्खान को बोलो."

ओर्खानला हिंदी येत नव्हती, अब्बांचं इंग्रजी बंदरापुरतं. म्हणजे सांगायचं होतं मला. स्पीकरवर एका तरुण माणसाचा आवाज आला. मी नाव सांगितलं, अब्बांची ओळख सांगितली, आणि मग मला माझ्याच तोंडाने इंग्रजीत म्हणावं लागलं की त्या अपघातात तुझ्या वडिलांची चूक नव्हती, माझ्या वडिलांची होती. अब्बा एक वाक्य सांगत, मी ते पुढे देई. दोर कधी पाहिला, का बदलला नाही, चौकशीत काय विचारलं, सगळं.

पलीकडून प्रश्न आला, "त्यांनी तेव्हा का सांगितलं नाही?"

मी अब्बांना विचारलं. ते म्हणाले, "भ्यालो. तीन मुली होत्या. पण ते कारण नाय. भ्यालो म्हणून."

खरं सांगायचं तर माझ्या जिभेवर फक्त तीन मुली आल्या होत्या. तेवढंच सांगितलं असतं तर पलीकडच्या माणसाला दया आली असती, आणि अब्बांना इंग्रजी किती थोडं कळतं हे मला ठाऊक होतं. पण मी सगळं सांगितलं. भ्याले, असंच सांगितलं.

"थँक यू, मॅडम," ओर्खान म्हणाला आणि फोन बंद झाला.

एल्दारने फोनकडे पाहिलं, मग खिशात ठेवला. सेविंज दारात उभी राहून ऐकत होती, एकेक ओळखीचा शब्द वेचत. तिने नवऱ्याला काहीतरी विचारलं. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "पूछती है, वो आदमी का पैर?"

"लंगडतो," अब्बा म्हणाले. "पण दुकान काढलं गावात. नातवंडं हायत. मी त्यालाही सांगितलं, चार वर्षांमागे." हे मलाही नवीन होतं.

ती आत गेली आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आली. नवा, गरम. ग्लास तिने अब्बांच्या हातात दिला नाही, पुढ्यात ठेवला. पण शेजारी साखरेचे खडे ठेवले. त्या रात्री आम्हाला तिने नेफ्तचालाच्या हॉटेलात जाऊ दिलं नाही. फरीदला गादी, मला आतली खोली, आणि दोघा म्हाताऱ्यांच्या खाटा तुतीखाली.

कुरा नदीचं मुख

सकाळी एल्दार कामावर निघाला आणि अब्बांना म्हणाला, "चलो, सारंग." टग सोडल्यापासून त्यांना त्या नावाने कुणी हाक मारली नसेल.

मत्स्यकेंद्र म्हणजे सिमेंटची गोल तळी, निळ्या रंगाचे पाइप आणि पाण्याचा अखंड आवाज. तळ्यांत बोटाएवढी पिल्लं. स्टर्जन हा मासा देखणा नाही. लांब नाक, नाकाखाली मिशा, खवल्यांऐवजी पाठीवर हाडांच्या टिकल्यांच्या रांगा. फार जुनी जात, माणसाच्या कितीतरी आधीची. मोठा झाला की समुद्रात राहतो आणि अंडी घालायला नदीने वर चढतो. नदीवर धरणं झाली, वाटा अडल्या, वर माणसाची हाव. म्हणून आता इथे पिल्लं वाढवून दर उन्हाळ्यात नदीत सोडतात. एल्दारने मला सांगितलं की यांची मादी अंड्यावर यायला दहा-पंधरा वर्षं जातात.

"किती वाचतात?" मी विचारलं.

"थोडा," तो म्हणाला. "मगर पिछले साल एक बडा मादी आया नदी में. मैंने खुद देखा." आणि दोन्ही हात पसरून त्याने लांबी दाखवली, तेव्हा त्याचे हात पुरले नाहीत.

त्या दिवशी सोडायचीच पाळी होती. पिल्लांनी भरलेल्या पाण्याच्या टाक्या ट्रकमधून नदीकाठी आणल्या. कुरा इथे रुंद, चिखलाच्या रंगाची, कडेला उंच बोरू. समोर कुठेतरी तिचं मुख. समुद्र मागे सरला तसं तेही पुढे गेलेलं. टाकीतून पिल्लं दोन कानांच्या मोठ्या टोपल्यांत घ्यायची, दोघांनी दोन बाजूंनी धरून पाण्यापर्यंत न्यायची आणि टोपलं तिरकं करायचं. ओतायचं नाही. पिल्लांनी आपणहून जायला हवं. एका बाजूला एल्दारने धरलं, दुसऱ्या बाजूला अब्बांनी. मी ओरडले, अब्बा, कंबर! कुणी ऐकलं नाही. दोघं गुडघाभर पाण्यात उतरले. टोपलं वाकलं. पिल्लं क्षणभर काठाशी थबकली, मग एकेक करत गढूळ पाण्यात नाहीशी झाली.

चौथ्या-पाचव्या खेपेला काठावर एक गाडी येऊन थांबली. तिशीचा, उंच माणूस उतरला. एल्दारचेच खांदे. बाकूहून पहाटेच निघाला असणार. मी ओळखलं. आता हा अब्बांना काय म्हणतो?

तो अब्बांकडे गेलाच नाही. बुटांसकट पाण्यात उतरला, बापापुढे उभा राहिला, आणि काहीतरी बोलला. फार थोडं, दोन-तीन शब्द. फरीद माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, पण त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एल्दारचे दोन्ही हात टोपल्यात गुंतले होते. त्याने नुसती मान पुढे केली आणि मुलाने आपलं कपाळ त्याच्या कपाळाला लावलं.

मग ओर्खान अब्बांकडे वळला. अब्बा तसेच उभे होते, टोपल्याचा कान धरून, सदरा छातीपर्यंत भिजलेला. ओर्खानने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. हात पुढे केला नाही. पण म्हणाला, "सलाम, अमी." काका.

"वालेकुम सलाम," अब्बा म्हणाले, आणि आपल्या बाजूचा कान त्याच्या हातात देऊन दोन पावलं मागे सरले. बापलेकांनी टोपलं पाण्यावर वाकवलं.